काटेरी झुडपाची सावली



निवडणूक जवळ आली की धर्मगुरूने काय बोलावे आणि काय बोलू नये याची चर्चा गावोगावच्या नाक्यांवर रंगते. काहींना वाटते, 'फादरांनी एकदाचे नाव सांगून टाकावे, म्हणजे आपली मते फुटायची नाहीत.' काहींना वाटते, 'फादरांनी मिस्सा सांगावी, राजकारणात पडू नये.' विधानसभेची मागील निवडणूक नोव्हेंबर 2024 मध्ये झाली आणि पुढची 2029 मध्ये अपेक्षित आहे. भोंगे बंद आहेत, झेंडे उतरले आहेत. म्हणूनच या विषयावर चार शब्द शांतपणे बोलण्याची हीच वेळ आहे. पेरणी पावसात होत असली तरी शहाणा शेतकरी बियाणे उन्हाळ्यातच निवडून ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणत्याही उमेदवाराचे वा पक्षाचे नाव आम्ही घेणार नाही. 1988 च्या कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचा वापर राजकीय कामासाठी करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. 1990 साली मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघात झालेल्या विधानसभा निवडणुकीवरून एक खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला: केवळ उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्म, जात, समाज वा भाषेच्या नावानेही मत मागता येणार नाही. हा नियम अल्पसंख्य असलेल्या आपल्याला जाचक वाटण्याचे कारण नाही. उलट त्याने सर्वांत मोठे संरक्षण आपल्यालाच मिळते. धर्माच्या नावाने मते मागण्याची मुभा सर्वांना मिळाली, तर सर्वांत आधी मागे पडेल तो ज्याची संख्या कमी आहे तोच.

मात्र नाव न घेणे म्हणजे मौन पाळणे नव्हे. कोणाला निवडावे हे तुमची सदसद्विवेकबुद्धी ठरवील. कसे निवडावे, हे शिकवणे ख्रिस्तसभेचे काम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सर्व नागरिकांना आठवण करून दिली, की सर्वांच्या कल्याणासाठी मुक्तपणे मत देणे हा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर राजकारणाला प्रेमसेवेचे एक थोर रूप मानले. तेव्हा मतदान केंद्रावर जाताना आपला विश्वास घरी खुंटीला टांगून जाण्याची सोय आपल्याला नाही.

झाडांची निवडणूक

जुन्या करारातील शास्त्यांच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, एक विलक्षण दाखला आहे. अबीमलेखाने आपल्या भावांची कत्तल करून सत्ता बळकावली. त्यातून वाचलेला सर्वांत धाकटा भाऊ योथाम डोंगरावर उभा राहून शखेमच्या लोकांना हा दाखला सांगतो. झाडांना आपल्यासाठी राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाला, माझे तेल सोडून मी कुठे येऊ? अंजिराने आपल्या गोड फळाचे कारण सांगितले, द्राक्षवेलीने आपल्या रसाचे. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते मात्र लगेच तयार झाले. या, माझ्या सावलीत बसा, असे त्याने आमंत्रण दिले, आणि न बसाल तर माझ्यातून निघालेली आग लबानोनचे गंधसरूही जाळून टाकील, अशी धमकीही दिली.

बंधू-भगिनींनो, या दाखल्यात दोन दोष दाखवले आहेत. पहिला दोष फळझाडांचा. ती वाईट नव्हती. आपापल्या कामात उत्तम होती आणि त्यातच गुंतून पडली. आपल्या गावांतही निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून बाहेर पडलेले अधिकारी आहेत, बचत गट चालवणाऱ्या भगिनी आहेत, सहकारी पतपेढीचा पै न् पै हिशेब ठेवणारी माणसे आहेत. त्यांना विचारले तर एकच उत्तर मिळते, 'राजकारण घाणेरडे आहे, फादर.' ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी यावर बोट ठेवले होते: चांगल्या माणसाने राज्य करण्याचे टाळले, तर त्याला मिळणारी शिक्षा म्हणजे त्याच्याहून वाईट माणसाचे राज्य सोसणे.

दुसरा दोष मते देणाऱ्या झाडांचा. काटेरी झुडपाला सावली असते का, एवढा साधा प्रश्न एकाही झाडाने विचारला नाही. आश्वासन ऐकले, देणाऱ्याकडे पाहिले नाही. निवडणुकीच्या काळात मंडळाच्या पोरांना टी-शर्ट मिळतात, क्रिकेटच्या सामन्यांना चषक मिळतात, गावाच्या सभागृहाला पंखे मिळतात, रात्री कुठे कोंबडी शिजते, कुठे पाकिटे फिरतात. या सावलीत पाच वर्षे बसता येते का, हा प्रश्न प्रत्येक घराने विचारायला हवा.

आमदाराचे खरे काम

आमदार म्हणजे गटार, रस्ता आणि पेव्हर ब्लॉक, अशी आपली समजूत झाली आहे. ती कामे मुख्यतः ग्रामपंचायतीची व महानगरपालिकेची आहेत. आमदाराचे पहिले काम कायदे करणे, राज्याच्या अंदाजपत्रकावर लक्ष ठेवणे आणि सरकारला जाब विचारणे हे आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 आमदार बसतात. आपल्या पालघर जिल्ह्यातून सहा जातात, त्यांतील चार जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. हे सहा जण तिथे हात वर करतात तेव्हा तो हात आपला असतो.

तो हात काय करू शकतो? 1972 च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. तिचे शिल्पकार वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. 1977 साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणे हा गरिबाचा हक्क झाला. पैसा कुठून आला? 1975 साली व्यवसाय कर लावला गेला तो याच कामासाठी. तुमच्यापैकी जे नोकरीला आहेत त्यांनी आपल्या पगाराची स्लिप पाहावी. 'पी. टी.' म्हणून दरमहा जी छोटी रक्कम कापली जाते, तिचा उगम हा आहे: शहरातल्या पगारदाराने दुष्काळी खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यावे. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाने वाट दाखवली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे मागणी केलेला जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला, तोही 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाल्यानंतर. त्याआधी तो किती अधिवेशनांत नुसता पुढे ढकलला गेला! जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा 2016 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे संसदेने केलेले नाहीत, ते राज्यांच्या विधानसभांनी केले: ओडिशात 1967 साली, मध्य प्रदेशात 1968 साली आणि त्यानंतर अनेक राज्यांत. विधानसभेत कोण बसतो याचा आपल्या घराशी, आपल्या प्रार्थनेशी आणि शेजारच्या मजुराच्या चुलीशी किती जवळचा संबंध आहे, हे यावरून कळावे.

पुरोगामी म्हणजे कोण?

महाराष्ट्रात 'पुरोगामी' हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे. फुले, शाहू, आंबेडकर यांची नावे प्रत्येक व्यासपीठावर घेतली जातात. म्हणून शब्द तपासून घेऊ. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. पण पुढे तर लुटीचा माल घेऊन पळणाराही जातो! केवळ वेगाला प्रगती म्हणता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू उत्तम मेंढपाळाचे चित्र रेखाटतो. हा मेंढपाळ कळपाच्या पुढे चालतो, आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून मागे येतात. लूकच्या शुभवर्तमानात तोच मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरांना सोडून हरवलेल्या एकासाठी मागे फिरतो. पुढे चालणे आणि मागे राहिलेल्यासाठी वळणे, ही दोन्ही पावले ज्याच्यापाशी आहेत तो आमच्या मते खरा पुरोगामी. मोलकरी मात्र लांडगा दिसताच पळतो. आजकाल लांडगा न दिसताही कळप बदलणारे मोलकरी आपण पाहतो.

अशा माणसाला ओळखावे कसे? पवित्र शास्त्र दोन ठिकाणी आपल्याला निकष देते. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सल्ला देतो, की कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, खरी आणि लाच नाकारणारी माणसे निवड. लक्षात घ्या, हा सल्ला देणारा इथ्रो स्वतः मिद्यानी होता, इस्राएलचा नव्हता, तरी मोशेने त्याचे ऐकले. दुसरे ठिकाण प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. तक्रार झाली तेव्हा प्रेषितांनी तक्रारदारांना दटावले नाही. चांगला लौकिक असलेले सात जण निवडा, असे त्यांनी मंडळीला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्यातलीच माणसे वाटपासाठी पुढे आली. आरंभीच्या ख्रिस्तसभेची ही निवडणूक आम्हाला फार शिकवून जाते.

यावरून पुढील चार प्रश्न प्रत्येक घरात विचारले जावेत, अशी आमची विनंती आहे.

1. त्याचे हात स्वच्छ आहेत का? प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि आपल्यावरील गुन्हेगारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात. हे 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे झाले. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. आपली मुले दिवसभर मोबाईल पाहतात, त्यांनी दहा मिनिटे हे वाचून आजी-आजोबांना समजावून सांगावे. आंदोलनात दाखल झालेला गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांतला फरकही पाहावा.

2. तो दुर्बलाच्या बाजूने केव्हा उभा राहिला? निवडणुकीच्या महिन्यात सर्वच उभे राहतात. त्याआधीच्या चार वर्षांत वीटभट्टीवरच्या आदिवासी कुटुंबासाठी, चाळीतल्या परप्रांतीय भाडेकरूसाठी, मच्छीमाराच्या किनाऱ्यासाठी तो कुठे होता? आपल्या घरी तो लग्नाला आला होता की नाही, हा निकष नव्हे.

3. तो पाणी आणि माती याविषयी काय बोलतो? आपल्या वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू त्यात अग्रभागी होता आणि सर्व धर्मांचे लोक खांद्याला खांदा लावून चालले. विहिरींतून टँकरने होणारा उपसा, बुजवली जाणारी बावखले, वाडीवरून फिरणारा विकास आराखडा हे प्रश्न विधानसभेत कोण मांडील?

4. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचा हक्कही तो राखील का? जो आज आपल्याला खूश करण्यासाठी दुसऱ्या समाजाला शिव्या देतो, तो उद्या दुसऱ्याला खूश करण्यासाठी आपल्याला देईल. द्वेषाला कायमचा पत्ता नसतो.

'आपला माणूस'

आता जरा अवघड मुद्दा. 'फादर, उमेदवार आपल्यातला असेल तर?' असा प्रश्न हमखास येतो. आपल्यातला माणूस सज्जन आणि समर्थ असेल तर आनंदच आहे. पण केवळ बाप्तिस्म्याचा दाखला हा उमेदवारीचा दाखला होऊ शकत नाही. येरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाजवळून याजक गेला, लेवी गेला. ते दोघेही 'आपलेच' होते. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक संबंधही ठेवत नव्हते. प्रभूने विचारले, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? मतदान केंद्रात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत आपल्यापुढे येतो. जखमेवर तेल ओतणारा हात कोणत्या समाजाचा आहे हे पाहू नका, तो तेल ओततो का हे पाहा.

दुसरी शंकाही प्रामाणिक आहे. 'पुरोगामी म्हणवणारे उमेदवार कधी कधी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी न जुळणारी मते मांडतात. त्यांना मत द्यायचे का?' ख्रिस्तसभेच्या संपूर्ण शिकवणुकीशी तंतोतंत जुळणारा उमेदवार आपल्याला बहुधा मिळणार नाही. जन्माला न आलेल्या जिवाचे रक्षण आपल्याला प्राणप्रिय आहे, यात कसलीही तडजोड नाही. पण जन्मलेल्या बाळाला कुपोषणाने मरू न देणे हेही जीवरक्षणच आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना हे दुःख चांगले ठाऊक आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा म्हणजे सर्वांच्या कल्याणासाठी केलेली विवेकाची आज्ञा. आणि विवेक म्हणजे हाती असलेल्या परिस्थितीत शक्य तेवढे अधिक चांगले निवडण्याचा सद्गुण. सर्व मुद्दे तराजूत घाला. ज्या मुद्द्यावर उमेदवाराशी मतभेद आहे, तो त्याला तोंडावर सांगा. मत दिले म्हणजे तोंड बंद ठेवण्याचा करार केला, असे होत नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बजावले होते, की धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेऊ शकेल, पण राजकारणातील व्यक्तिपूजा मात्र ऱ्हासाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. भक्ती आपण परमेश्वरासाठी राखून ठेवू या.

मत वाया जाते का?

'चांगला माणूस आहे हो, पण निवडून येणार नाही. मत कशाला वाया घालवू?' हे वाक्य आपल्याकडे हजारो ओट्यांवर बोलले जाते. आणि हजारो लोकांनी ते बोलल्यामुळेच तो माणूस पडतो. 2024 साली आपल्या वसई मतदारसंघाचा निकाल तीन हजारांहून थोड्या अधिक मतांच्या फरकाने लागला. दोन-तीन गावांची मते! राज्यभर सुमारे 66 टक्के मतदान झाले, म्हणजे दर तीन मतदारांतील एक जण घरीच राहिला. आपल्यापुढील उमेदवारांत फरक थोडा असेल आणि त्यामुळे अधिक वाईट निवडला जाण्याची भीती असेल, तर तोही विचार अवश्य करावा. तो विवेकाचाच भाग आहे. पण चार प्रश्नांवर खरा उतरणारा माणूस समोर असताना केवळ 'वारा कुठला आहे' एवढेच पाहून मत देणे म्हणजे आपला विवेक वाऱ्याच्या हवाली करणे होय.

2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटणही यंत्रावर आहे. त्याचा उपयोग निषेधासाठी होतो, पण त्या बटणाला सर्वांत जास्त मते मिळाली तरी विधानसभेत उमेदवारांपैकी पहिला येणाराच जातो. तेव्हा ते शेवटचे बटण आहे, पहिले नव्हे.

आज काय करायचे?

पुढील निवडणुकीपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. ज्यांनी अठरा वर्षे पूर्ण केली आहेत त्यांनी मतदारयादीत नाव नोंदवावे. लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि स्थलांतर केलेल्यांची नावे तपासावीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची आणि दिवंगतांची नावे कमी करून घ्यावीत, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरे कोणी मत टाकणार नाही. आमदाराने अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, हे त्याला गावाच्या बैठकीत विचारावे. आणि आपल्यातील ज्या जैतुनांच्या, अंजिरांच्या आणि द्राक्षवेलींच्या ठायी सेवेची पात्रता आहे, त्यांनी ग्रामसभेपासून सुरुवात करावी. ती घाण आपल्याला लागेल म्हणून दूर उभे राहणाऱ्यांनी एवढे आठवावे, की आपल्या प्रभूने शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुतले, आणि त्यासाठी त्याला कमरेला पंचा बांधून खाली वाकावे लागले.

मतदानाच्या त्या लहानशा खोक्याआड आपण एकटे असतो. तिथे नवरा नसतो, मंडळाचा अध्यक्ष नसतो, फादरही नसतात. तिथे फक्त आपण आणि आपला देव असतो. कबुलीखान्यात जेवढ्या खरेपणाने आपण गुडघे टेकतो, तेवढ्याच खरेपणाने ते बटण दाबावे.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, तू आम्हांला विवेक दिलास, तो विकण्याची पाळी आमच्या कोणत्याही घरावर आणू नकोस. सावली नसलेल्या झुडपाला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमच्यातील फळझाडांना पुढे येण्याचे धैर्य दे. आणि जो आमच्या नावाने विधानसभेत जाईल, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला मागे राहिलेल्या मेंढरासाठी वळण्याची बुद्धी दे. आमेन.

ख्रिस्तसेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू